मोहरी मुंगी आणि गाठीवर गाठ

एक होती मुंगी. काळी मुंगी. चावणारी नाही हं! चावते ती लाल. ही नुसती चालायची. तुरुतुरु, तुरुतुरु.

मुंगी केवढी? मोहरीएवढी. म्हणून तिचं नाव मोहरी.

मोहरीचं घर शेताच्या बांधावर. बोरीच्या झुडपाखाली एवढंसं भोक. आत मात्र मोठ्ठं घर. घरात मुंगीआई. घरात ताया. घरात छोटी छोटी भावंडं. भावंडं किती? कोण जाणे. मोजायला गेलं की पळतात.

सगळ्यात धाकटा होता कणू. कणू एवढा छोटा, की त्याच्याच घरात तो रोज हरवायचा.

बांधाच्या पलीकडे शेत. शेत शेवंताकाकूचं. शेतात ज्वारी. ज्वारी पिकली, की मुंग्यांच्या घरी मजा. नव्या ज्वारीचा पहिला दाणा घरी आणायचा. त्याला म्हणायचं नव्याचा दाणा. मुंगीआई तो फोडायची. चिमूट चिमूट सगळ्यांना द्यायची.

"नव्याचा दाणा खाल्ला, की भावंडं मोठी होतात," असं मुंगीआई म्हणायची. खरं की खोटं, तिलाच ठाऊक.

दाणा आणायचा एकीनंच. दरवर्षी पाळी वेगळी. आणि यंदा पाळी कोणाची?

मोहरीची!

मोहरी निघाली ऐटीत. तुरुतुरु, तुरुतुरु.

"केवढा दाणा आणशील?" कणूनं विचारलं.

"माझ्याहून मोठा!"

"खोटं!"

"बघच तू!"

ज्वारीच्या ताटाखाली एक दाणा पडला होता. गोल गोल. पांढरा पांढरा. मोहरीनं उचलला. अगदी सहज उचलला.

"हात्तिच्या! एवढा हलका?" मोहरी म्हणाली. "दाणा हलका नाही काही. मीच बलवान आहे."

बलवान मोहरी निघाली घरी. वाटेत भुंगा भेटला. त्याला दाणा दाखवला. वाटेत नाकतोडा भेटला. त्यालाही दाखवला. कोणी नाही भेटलं, तर दगडाला दाखवला.

दारात सगळी भावंडं उभी. मोहरीनं दाणा खाली ठेवला. म्हणाली, "हा बघा!"

इतक्यात आला वारा. फूऽऽऽ!

दाणा उडाला. भुर्रऽऽऽ!

दाणा कसला? नुसतं टरफल. आत काय? काहीच नाही.

भावंडं फिदीफिदी हसली. कणू मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मग माझा चिमूटभर कुठाय?"

मोहरीला फार वाईट वाटलं. तिच्या मिशा खाली झाल्या. एक क्षण. दोन क्षण. मग मिशा पुन्हा वर.

"आणते!" मोहरी म्हणाली. "भरलेला दाणा आणते. आणते म्हणजे आणतेच!"

तुरुतुरु, तुरुतुरु. मोहरी गेली कणसाकडे.

"कणसा कणसा, दाणा दे!"

"का गं देऊ?" कणीस म्हणालं.

मोहरी म्हणाली,

"दाणा निघाला पोकळ,
भावंडं बसली वाट बघत,
आता मी काय करू?"

कणसानं मान हलवली. खुळखुळ वाजलं का? नाही. फुसफुस वाजलं.

"ऐकलंस?" कणीस म्हणालं. "माझे सगळे खिसे रिकामे. मला कोणी पोटभर वाढलं, तर ना खिसे भरतील! नाही गं बाई नाही! माती देईल जेवण, तरच मी दाणा देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मोहरी गेली मातीकडे. लांब जायचं नव्हतं. माती पायाखालीच होती. पायांखाली. मोहरीला पाय सहा.

माती होती कोरडी. माती होती कडक. मातीला पडल्या होत्या भेगा. एका भेगेत मोहरी पडली. धप्प! बाहेर आली. झटक झटक केलं.

"माती माती, जेवण दे!"

"का गं देऊ?" माती म्हणाली.

मोहरी म्हणाली,

"दाणा निघाला पोकळ,
कणीस देईना दाणा,
भावंडं बसली वाट बघत,
आता मी काय करू?"

"आणि माझं काय?" माती म्हणाली. "दरवर्षी सगळे मलाच मागतात. माती, ज्वारी दे. माती, हरभरा दे. माती, वांगी दे. मला कोणी विचारलं का, बाई गं, तू जेवलीस का? ऐक माझं पोट."

मोहरीनं कान लावला. गुडगुड, गुडगुड.

"नाही गं बाई नाही! खड्डा देईल खत, तरच मी जेवण देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मोहरी गेली खड्ड्याकडे.

खड्डा होता शेताच्या कोपऱ्यात. भुजंगकाकानं खणलेला. भुजंगकाका म्हणजे शेवंताकाकूचा नवरा. खत व्हावं म्हणून त्यानं खड्डा खणला. रोज सकाळी यायचा. वाकून बघायचा. म्हणायचा, "झालं का रं खत?"

खड्डा म्हणायचा, "आऽऽऽ!"

एवढंच. खत काही व्हायचं नाही.

मोहरी काठावर उभी राहिली. पडायचं नाही म्हणून पाय घट्ट रोवले.

"खड्ड्या खड्ड्या, खत दे!"

"काऽऽ गं देऊऽऽ?" खड्डा म्हणाला.

मोहरी म्हणाली,

"दाणा निघाला पोकळ,
कणीस देईना दाणा,
माती देईना जेवण,
भावंडं बसली वाट बघत,
आता मी काय करू?"

"मी नुसता खड्डाऽऽ," खड्डा म्हणाला. "मी नुसतं तोंड उघडून बसतोऽऽ. खत रांधायचं काम मामांचंऽऽ. नाही गं बाई नाहीऽऽ! गांडूळमामा रांधतील काही, तरच मी खत देईनऽऽ."

तुरुतुरु, तुरुतुरु. मोहरी उतरली खड्ड्यात. खाली, खाली, आणखी खाली.

तळाशी होते गांडूळमामा. लांबलचक. गुलाबी. ओले ओले. पसरले होते निवांत.

"मामा मामा, काहीतरी रांधा!"

मामा गप्प. मोहरीला वाटलं, मामा ऐकतायत. मग ती म्हणाली,

"दाणा निघाला पोकळ,
कणीस देईना दाणा,
माती देईना जेवण,
खड्डा देईना खत,
भावंडं बसली वाट बघत,
आता मी काय करू?"

मामा अजून गप्प. मग लांबून आवाज आला. "कोण गं ते? माझ्या शेपटीशी काय बोलतेस? तोंड इकडे आहे!"

घ्या! एवढं सगळं सांगितलं, ते शेपटीला!

तुरुतुरु, तुरुतुरु. मोहरी गेली दुसऱ्या टोकाला. तिनं नीट निरखून पाहिलं. हेही टोक तसंच. ना डोळे, ना मिशा.

"हे नक्की तोंड ना?"

"तोंडच. बोलतंय ना! का गं रांधू?" मामा म्हणाले.

आता पुन्हा म्हणायचं? म्हणायचं! करणार काय? मोहरीनं श्वास घेतला. मोहरी म्हणाली,

"दाणा निघाला पोकळ,
कणीस देईना दाणा,
माती देईना जेवण,
खड्डा देईना खत,
भावंडं बसली वाट बघत,
आता मी काय करू?"

"अगं, रांधू कशाचं?" मामा म्हणाले. "साली आल्यात. देठं आलीत. ढीगभर आल्यात. पण आहेत कुठं? त्या पिशवीत! आणि पिशवीचं तोंड बंद. मला ना हात, ना दात. कसं उघडू? नाही गं बाई नाही! पिशवी उघडेल तोंड, तरच मी काही रांधीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मोहरी गेली पिशवीकडे.

पिशवी होती निळी. प्लॅस्टिकची. पोट फुगलेलं. टम्म! मोहरी वर चढली की वाजायची. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र.

"पिशवी पिशवी, तोंड उघड!"

"काँ गँ उघँडू?" पिशवी म्हणाली. नाकातून म्हणाली. तोंड बंद होतं ना!

मोहरी म्हणाली,

"दाणा निघाला पोकळ,
कणीस देईना दाणा,
माती देईना जेवण,
खड्डा देईना खत,
मामा रांधीनात काही,
भावंडं बसली वाट बघत,
आता मी काय करू?"

"बँघ माँझा गँळा," पिशवी म्हणाली.

मोहरीनं बघितलं. पिशवीच्या गळ्याला गाठ. गाठीवर गाठ. आणि तिच्यावर आणखी एक गाठ!

कोणी बांधली? शेवंताकाकूनं.

शेवंताकाकू भारी टापटिपीची. अंगण दोनदा झाडायची. चूल तीनदा सारवायची. कोंबड्या घरात आल्या, तर त्यांचे पाय पुसायची! भुजंगकाका तिला म्हणाला, "साली खड्ड्यात टाकत जा." बरं म्हणाली. साठवून टाकल्याही. पण कशा? पिशवीत भरून. गाठ मारून. गाठीवर गाठ मारून. सांडायला नको! खड्डा कसा स्वच्छ दिसायला हवा!

खड्डा दिसायचा स्वच्छ. आणि मामा बसायचे उपाशी.

"नाँही गँ बाँई नाँही!" पिशवी म्हणाली. "काँकू सोँडेल गाँठ, तँरच मी तोँड उघँडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मोहरी चढली खड्ड्याबाहेर. तुरुतुरु, तुरुतुरु. शेत ओलांडलं. अंगण ओलांडलं. अंगण इतकं स्वच्छ, की मोहरीलाच आपले पाय पुसावेसे वाटले.

काकू बसली होती ओट्यावर. मांडीवर होती छबू. छबू म्हणजे काकूचं बाळ. दात दोन. केस थोडे. आवाज मोठ्ठा.

"भ्यँऽऽऽ!" छबू रडत होती.

"काकू काकू, गाठ सोड!"

"अगं बया! कोन बोलतंय?" काकूनं वर बघितलं. मागं बघितलं. मग खाली बघितलं. "मुंगे, तू व्हय? का गं सोडू?"

मोहरी म्हणाली,

"दाणा निघाला पोकळ,
कणीस देईना दाणा,
माती देईना जेवण,
खड्डा देईना खत,
मामा रांधीनात काही,
पिशवी उघडेना तोंड,
भावंडं बसली वाट बघत,
आता मी काय करू?"

"आरं द्येवा!" काकू म्हणाली. "माझ्या गाठीनं एवढं झालं? मला काय ठावं! पर आता सोडू कशी? हात कुठं मोकळं हायेत? ही पोरगी सकाळधरनं रडतीया. खुळखुळा वाजवला. भ्यँ! कोंबडी दाखवली. भ्यँ! गूळ दिला. थू! आन् पुन्यांदा भ्यँ! नाही गं बाई नाही! छबू थांबंल रडायची, तरच मी गाठ सोडीन."

छबू का रडत होती? कोणालाच ठाऊक नाही. छबूलाही नाही. विसरली होती. पण सुरू केलंय, तर थांबायचं कसं?

तुरुतुरु, तुरुतुरु. मोहरी चढली ओट्यावर.

"छबू छबू, रडू नको!"

"भ्यँऽऽऽ!" छबू म्हणाली.

मोहरी म्हणाली,

"दाणा निघाला पोकळ,
कणीस देईना दाणा,
माती देईना जेवण,
खड्डा देईना खत,
मामा रांधीनात काही,
पिशवी उघडेना तोंड,
काकू सोडेना गाठ,
भावंडं बसली वाट बघत,
आता मी काय करू?"

छबू म्हणाली, "भ्यँऽऽऽऽऽऽऽ!"

तिला ऐकूच आलं नाही. मोहरी ओरडली. तरी नाही. मुंगीचं ओरडणं ते केवढं!

मोहरी दमली. तिचे सहाही पाय दुखत होते. कणूची आठवण आली. तिला वाटलं, आपणही रडावं. पण दोघी रडायला लागल्या, तर ऐकणार कोण?

"ऐकू येत नाही तर कानातच सांगते," मोहरी म्हणाली.

छबूचा पाय लोंबत होता. मोहरी चढली तळपायावर.

तुरुतुरु, तुरुतुरु.

"भ्यँऽऽ... अं?" छबू थांबली.

मोहरी घोट्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"भ्यँ... हिक्!"

मोहरी गुडघ्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"हिक्... खुदुक्!"

मोहरी पोटावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खुदुक्, खुदुक्!"

मोहरी गळ्याखाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

"खुदुखुदु! खुदुखुदु! खुदुखुदु खुदुखुदु!"

छबू हसली! दोन्ही दात दिसले. गालावर खळी पडली. खळीत मोहरी पडली.

काकूनं बघितलं. छबूच्या गालावर तीट. रोज एक असते. आज दोन!

"मी तर एकच लावली हुती," काकू म्हणाली. तेवढ्यात एक तीट चालायला लागली.

काकू हसली. छबू हसली. मोहरी कानात सांगायचं विसरली. आता गरजच नव्हती.

छबू थांबली रडायची. मग काकू उठली. छबूला कडेवर घेतलं. मोहरी छबूच्या गालावरच बसून राहिली. चालून चालून पाय दुखले होते ना!

सगळ्या गेल्या खड्ड्यावर. भुजंगकाका तिथंच होता. वाकून बघत होता.

काकूनं छबूला काकाकडं दिलं. पिशवी वर ओढली. पहिली गाठ सोडली नखानं. दुसरी गाठ सोडली दातानं. तिसरी काही सुटेना.

"कापू का?" भुजंगकाका म्हणाला.

"व्हा बाजूला! माझी गाठ हाय, मीच सोडनार."

काकूनं ओढलं. काकूनं पिळलं. काकू गाठीशी भांडली. आणि सुटली एकदाची!

पिशवीनं उघडलं तोंड. फुस्सऽऽऽ!

"हुश्श!" पिशवी म्हणाली. तोंडानं म्हणाली.

वास काय सुटला म्हणता! काकूनं नाक धरलं. काकानं नाक धरलं. काकानं छबूचं नाक धरलं. मोहरीला नाक नाही. तिनं मिशा धरल्या.

"असंच मोकळं टाकू?" काकूनं विचारलं. "उघडंवाघडं?"

"असंच!" मोहरी म्हणाली.

काकूनं डोळे मिटले. पिशवी उलटी केली.

धबाक्! दुधीच्या साली. कांद्याची टरफलं. वांग्याची देठं. शेंगांची फोलपटं. चहाचा चोथा. सगळं मामांच्या समोर.

मग काकानं टाकलं शेण. वर टाकला वाळका पाला. वर शिंपडलं पाणी. शिप्प शिप्प. आणि पिशवी? पिशवी नाही टाकली. काकूनं ती धुतली. दोरीवर वाळत घातली. ती तिथं झुलायला लागली. चुर्र चुर्र.

"वा वा वा!" गांडूळमामा म्हणाले. "आता रांधतो!"

मामांनी बोलावले आणखी मामा. मामांनी बोलावल्या माम्या. मचमच मचमच. मचमच मचमच.

दुसऱ्या दिवशी मोहरी आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मामा, झालं का खत?"

"नाही गं बाई नाही! खत म्हणजे काय चहा आहे, उकळला की झाला? ये सावकाश."

मोहरी आली आठवड्यानं. "मामा, झालं का खत?"

"नाही गं बाई नाही!"

मोहरी आली महिन्यानं. काकूही आली. काकूच्या हातात खराटा.

"झालं का रं खत? न्हायतर एकदा खड्डा झाडून काढू का?"

"नाऽऽही!" मोहरी ओरडली. मामा ओरडले. खड्डा ओरडला. भुजंगकाका तर सगळ्यात मोठ्यानं ओरडला.

काकूनं खराटा पाठीमागं लपवला.

रोज काकू साली टाकायची. मोकळ्या टाकायची. आता डोळे उघडे ठेवून टाकायची. आणि रोज छबू भाकरी खायची. थोडी तोंडात, बाकी अंगणात. मोहरी तो चुरा न्यायची घरी. भावंडांचं पोट भरायचं. पण कणू विचारायचा, "हा नव्याचा दाणा आहे का?"

"नाही रे."

"मग कधी?"

"मामा रांधतायत."

"फार हळू रांधतात तुझे मामा," कणू म्हणायचा.

असे गेले चार महिने. छबूला आले सहा दात. आणि एक दिवस मामा म्हणाले, "या आता!"

खड्ड्यात होतं खत. काळं काळं. भुसभुशीत. साली कुठं? नाहीत. देठं कुठं? नाहीत. वास कुठं? तोही नाही! काकूनं ओंजळ भरून घेतली. हात बरबटले. काकू ते पुसायला विसरली. तिलाच नवल वाटलं.

खड्ड्यानं दिलं खत. काकानं भरली घमेली. एक घमेलं, दोन घमेली, दहा घमेली. मातीवर पसरलं.

माती जेवली. मचमच नाही, गुपचूप जेवली. मग आला ढेकर. ढ्याऽऽव!

"किती दिवसांनी गं पोट भरलं," माती म्हणाली. ती मऊ झाली. भेगा मिटल्या. मोहरी आता कुठं पडली नाही.

पेरणी झाली. कोंब आले. पानं आली. ताटं झाली काकाच्या डोक्यापर्यंत. मातीनं दिलं जेवण. कणीस जेवलं. कणसाचे खिसे भरले. कणसानं मान हलवली. आता सहज हलली का? छे! जड झाली होती.

तुरुतुरु, तुरुतुरु. मोहरी गेली कणसाकडे.

"कणसा कणसा, दाणा दे!"

आज कणसानं विचारलं नाही, का गं देऊ. आज कणीस म्हणालं, "घे!"

टप्प!

दाणा पडला. गोल गोल. पांढरा पांढरा. मोहरीनं उचलला.

उचललाच नाही.

मोहरीनं ढकलला. हलेना. मोहरीनं ओढला. हलेना. दोन पायांनी. चार पायांनी. सहा पायांनी. हलेना म्हणजे हलेना!

बलवान मोहरी बसली दाण्याला टेकून. आणि हसायला लागली. एवढं हसली, एवढं हसली, की मिशा गुंतल्या.

"काय गं, बलवान?" कणीस म्हणालं.

"भरलाय!" मोहरी म्हणाली. "दाणा भरलाय!"

मग तिनं सगळ्यांना बोलावलं. ताया आल्या. भावंडं आली. कणूही आला. वाटेत दोनदा हरवला, पण आला.

"ओढा रे, हैय्या!
ढकला रे, हैय्या!"

दाणा आला दारात. इतक्यात आला वारा. तोच मागचा. त्यानं फुंकर मारली. फूऽऽऽ!

दाणा उडाला का? नाही!

वाऱ्यानं गाल फुगवले. पुन्हा मारली. फूऽऽऽऽऽ!

दाणा हलला का? अजिबात नाही! कणू मात्र उडाला. मोहरीनं त्याला मिशीला धरून खाली आणलं.

मुंगीआईनं दाणा फोडला. कुट्ट! आत काय? पांढरं शुभ्र पीठ. गोड गोड. मुंगीआईनं पहिली चिमूट उचलली. ती मोहरीला देणार होती. मोहरीनं ती कणूला दिली.

कणूनं अर्धी खाल्ली. डोळे मोठ्ठे केले. म्हणाला, "हा कुणी दिला?"

मोहरी म्हणाली,

"छबू थांबली रडायची,
काकूनं सोडली गाठ,
पिशवीनं उघडलं तोंड,
मामांनी रांधलं काही,
खड्ड्यानं दिलं खत,
मातीनं दिलं जेवण,
कणसानं दिला दाणा,
दाणा निघाला भरलेला!
भावंडं बसली जेवायला,
आता मी काय करू?"

"आता तू खा!" कणू म्हणाला. आणि त्यानं आपल्या चिमटीतली उरलेली अर्धी तिला भरवली. मोहरीला इतकं बरं वाटलं, की पाय दुखायचे थांबले. सहाच्या सहा.

पीठ संपलं. राहिलं टरफल. तेच, एवढंसं. मोहरीनं ते टाकलं का? नाही हं! तोंडात धरलं. निघाली खड्ड्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. खाली, खाली, आणखी खाली.

"मामा मामा, हे घ्या. तुमच्यासाठी आणलं."

मामा गप्प.

"घ्या ना मामा! लाजता काय?"

मग लांबून आवाज आला. "अगं मोहरी, तोंड इकडे आहे!"

मोहरी वळली. दुसऱ्या टोकाला गेली. मामांनी टरफल घेतलं. मचमच मचमच.

आणि मग? मग मोहरी परत निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. कुठं गेली?

बांधावर? नाही.
ओट्यावर? नाही.
अंगणात? नाही.

कोणाच्या तरी तळपायावर काहीतरी चालतंय बरं.

तुरुतुरु, तुरुतुरु... खुदुक्!